कंपाउंडरकाकांची वेणी

आमच्या मुरबाडच्या दवाखान्यातले कंपाउंडरकाका कुठलीही वस्तू आधी उचलत आणि मग तिच्याबद्दल बोलत. पोस्टमनने पाकीट दिलं की फोडण्याआधी ते तळहातावर दोनदा झेलायचे. बाकावर कोणी छत्री विसरून गेलं तर ती उचलून "मोठ्या मान्साची हाय, दांडा भरीव" असं सांगून कोपऱ्यात ठेवायचे. बाळंतीण मोकळी झाली आणि मी बाळाला पुसून गुंडाळलं, की हे दाराबाहेर दोन्ही हात पुढे करून उभे. "द्या हिकडं, बाई." बाळ हातावर घेत, डोळे मिटत आणि म्हणत, "पावनेसा पौंड."

मी पुण्याहून शिकून नुकतीच आलेली नर्स. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. वय कोवळं, त्यात स्वभाव तापट, आणि शिक्षणाचा तोरा वेगळाच. मला दवाखान्याचा काटा मिळालेला होता. त्याच्या झोळीत बाळ ठेवून मी काकांची परीक्षा घ्यायची. दर वेळी त्यांनी सांगितलं तेवढंच भरायचं. एकदा मात्र ते पावणेसहा म्हणाले आणि काट्याने सहा दाखवले, तेव्हा मला कोण आनंद झाला! "बघा काका, चुकलात!" ते झोळीला हात लावून आले. झोळी ओली होती. आधी तोललेल्या बाळाने तिच्यात आपलं काम उरकलं होतं.

काका म्हणजे काटक, सावळे, धोतरावर खाकी कोट घालणारे. कोटाचे दोन्ही खिसे बाटल्यांच्या बुचांनी फुगलेले. पेशंट घरून बाटल्या आणत, काका त्यांत लाल मिक्श्चर भरत आणि बाहेरून कागदाची दातेरी पट्टी खळीने चिकटवत. एक दाता म्हणजे एक डोस. ती पट्टी ते कात्रीने इतकी सारखी कापत की मी चकित व्हायची, कारण तोवर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता.

आमचं पहिलं भांडण माझ्या किडनी ट्रेवरून झालं. उकळून ठेवलेला ट्रे सापडेना. शोधत औषधांच्या खोलीत गेले, तर पूर्वेच्या खिडकीत सुंभाने टांगलेला एक हिरवट गोळा, सोललेल्या नारळाएवढा, आणि त्याचं पाणी टपटप माझ्या ट्रेमध्ये! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"काका, तो ट्रे पेशंटचा आहे!"

"ही बी पेशंटच हाय बाई. पर गुनाची. वरडत नाय."

मी बरंच बोलले. काय काय बोलले ते आता आठवत नाही, ते बरंच आहे. दुसऱ्या दिवशी ट्रे माझ्या टेबलावर होता, तीनदा उकळलेला, आणि खिडकीत गोळ्याखाली नारळाची करवंटी आली होती.

तो गोळा शेवाळाचा. आत कोळशाचे तुकडे आणि कुजलेला पाला, त्यावर झाडाच्या खोडावरचं शेवाळ जाड थापलेलं, आणि वरून काथ्याचा सुंभ उभा-आडवा गुंडाळून मारलेली गाठ. डोक्यातून लांब, जाड पानं निघालेली आणि बाजूंनी बोटाएवढी पांढरी मुळं बाहेर लोंबणारी. सीतेची वेणी. तिकडच्या रानात आंब्याच्या, ऐनाच्या फांद्यांवर ती आपली आपण वाढते आणि पावसाच्या तोंडाशी गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लांब घोस खाली सोडते. वाड्यांवरच्या बायका तो अंबाड्यात माळतात. मी काकांना विचारलं, "सरळ कुंडीत का नाही लावत?"

"कुंडीत जीव घुसमटंल तिचा. झाडावर ऱ्हानारी ती, मुळान्ला वारा लागतो."

ती त्यांच्या बायकोने बांधली होती. सगुणाबाई त्यांचं नाव. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. अख्ख्या मुरबाडला हे ठाऊक. औषध घ्यायला आलेल्या बायका खिडकीतून आत बघत आणि आधी विचारत, "सगुनाबायची येनी बरी हाय ना?" काका म्हणत, "बरी हाय." मग खोकला, ताप, खरूज जे काय असेल ते सुरू व्हायचं. कोणी नवखं माणूस आलं आणि त्याने विचारलं, हे काय लटकवलंय, तर काका हातातलं काम थांबवून सांगायचे, "आमच्या कारभारनीनं बांधलंय."

वेणीची निगा म्हणावी तर काहीच नव्हती. रोज सकाळी आल्यावर काका गोळ्याखाली तळहात धरत आणि जरासा वर उचलत. बस्स. जड लागला तर हात काढून कोट खुंटीला लावत. हलका लागला तर काढून बादलीत बुडवत, पानं मात्र पाण्याच्या वर. पाण्यातून बुडबुडे यायचे, बुडबुडे थांबले की गोळा बाहेर. पिळायचा नाही, हलवायचा नाही, हातावर धरून निथळू द्यायचा आणि परत टांगायचा. महिन्यातून एकदा बादलीत घरून आणलेलं तांदळाचं धुवण घालत. पावसाळ्यात पागोळ्यांपासून आत, वळचणीला टांगत. किती दिवसांनी पाणी, असं मी विचारलं तर म्हणाले, "ते तिला ठावं." या उत्तराने माझं डोकं फिरायचं. अहो, औषधाला वेळ असते, डोस असतो, मग हिला का नाही?

काकांचे डोळे पुढच्या दोन वर्षांत फारच गेले. बाटल्या वासावर आणि वजनावर ओळखत, आणि कधी चुकले नाहीत हे मी शपथेवर सांगेन. पण माझ्या जिवाला घोर लागायचा. एक दिवस आयोडीनच्या बाटलीचं बूच उघडून ते हुंगत उभे राहिलेले दिसले आणि मी ठरवलं की आता पुरे. ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात मोतीबिंदू काढायचा. त्या काळी ते आजच्यासारखं नव्हतं, की सकाळी गेलं आणि दुपारी घरी. डोळे बांधून दिवसचे दिवस उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही, मग दुसरा डोळा, मग चष्मा. दीड-दोन महिने सहज जात.

"मी नाय जात," काका म्हणाले.

"का?"

त्यांनी खिडकीकडे हात केला. "हिला कोन बगनार?"

मी कपाळावर हात मारला. एवढा शहाणा माणूस, आणि शेवाळाच्या गोळ्यासाठी आंधळा व्हायला तयार! मी म्हटलं, मी बघीन. तुमच्या डोळ्यांची शपथ, परत याल तेव्हा ती इथेच, अशीच असेल. नीट कागदावर लिहून द्या काय काय करायचं ते. काकांनी बराच वेळ विचार करून, कागद नाकाला लावून, मोठ्या अक्षरांत दोनच शब्द लिहिले: उचलून बघणे.

संक्रांत झाली आणि काका एस. टी. ने कल्याणच्या वाटेला लागले. जाताना माझ्या हातात गोळा देऊन म्हणाले, "एकच हाय बाई माझ्याकडं." मला ते लागलं. मी ठरवलं, या माणसाचा जीव हिच्यात आहे, तर हेळसांड म्हणून होऊ द्यायची नाही.

आणि मग मी जे केलं ते फक्त एखादी नर्सच करू जाणे. मी तिचा तक्ता केला. पेशंटच्या तक्त्यासारखा, रेघा मारून. रिकामी बाटली घेतली, तिला काकांसारखीच दातेरी पट्टी चिकटवली, आणि सकाळी एक डोस, दुपारी एक, संध्याकाळी एक असं पाणी गोळ्यावर ओतायला लागले. प्रत्येक वेळी तक्त्यावर खूण. उचलून काय बघायचं? मला तर तो नेहमी जडच लागायचा, आणि जड म्हणजे चांगलं भरलेलं, असंच मला वाटायचं. आमच्या धंद्यात वजन वाढलं की आम्ही खूश.

तिसऱ्या आठवड्यात खालचं पान पिवळं पडलं. मला वाटलं, कमी पडतंय. मी चौथा डोस सुरू केला. मग मुळं काळी झाली, खोलीत कुबट वास यायला लागला, आणि एका सकाळी पानं अलगद माझ्या हातात आली. बुडाशी नुसता लिबलिबीत काळा लगदा. मी तशीच स्टुलावर बसले. तक्त्यावर एकही खूण चुकलेली नव्हती. ठाण्यात तो माणूस डोळे बांधून माझ्या भरवशावर पडला होता, आणि त्याच्या बायकोच्या हातची जी एकच गोष्ट उरली होती ती मी मारली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्याकडे झाडलोट करायला आणि बाळंतिणीपाशी बसायला सोनीबाय होती. टोकावड्याच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला तिची वाडी. तिने तो लगदा पाहिला आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

"अगो बाय, थंडीची ही निजलेली असते. निजल्या मान्साला कोन जेवू घालतं का, ते बी चार टायम?"

"हसतेस काय मेले! आता काकांना काय सांगू?"

"सांगताव कशाला? दुसरी बांदू."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी तिच्या वाडीला गेलो. अर्धी वाडी वीटभट्ट्यांवर गेलेली, दारांना काट्या लावलेल्या. वादळात मोडून पडलेल्या एका आंब्याच्या फांदीवरून सोनीबायने वेणी सोडवली, मुळं न तोडता, बाळाची मूठ उघडावी तशी एकेक सुटी करत. ओहोळाकडेच्या दगडांवरून शेवाळ काढलं. कोळसा तिच्या चुलीतला. तिचे हात भराभर चालले होते, मी नुसती सुंभ धरून बसले होते. शेवटी तिने एक वेगळीच गाठ मारली, आत दुमडून घेतलेली, टोक दिसतच नाही अशी.

"काका ओळखतील का गं?" मी विचारलं.

"तुमाला काय वाटतं?"

"त्यांना दिसणार कुठे एवढं? नवे डोळे, नवा चष्मा."

यावर सोनीबाय इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मला तिचा भयंकर राग आला. माझा जीव टांगणीला आणि हिला हसू सुचतंय! एस. टी. त गोळा मांडीवर घेऊन मी मुरबाडपर्यंत तिच्याशी एक अक्षर बोलले नाही.

शिमग्याच्या आधी काका आले. भिंगाचा जाडजूड चष्मा, त्यामागे दोन मोठमोठे डोळे. मला बघून म्हणाले, "बाई, तुमी लई बारीक हाव की! आवाजावरनं मी चांगली धिप्पाड धरली व्हती." सगळे हसले. मीही हसले. ते औषधांच्या खोलीत गेले. खिडकीसमोर उभे राहिले. मला वाटलं, आता नव्या डोळ्यांनी बघतील. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि तळहात गोळ्याखाली धरला.

"बाई."

"काय काका?"

"ही ती नाय."

"तीच आहे! कोरडी आहे ना, म्हणून हलकी लागत असेल." मी सरळ सरळ खोटं बोलले, तेही तोऱ्यात.

"कोरडी हाय, ते खरं. ही दुसरी हाय, ते बी खरं."

मग माझ्याने राहवलं नाही. तक्ता, डोस, बाटली, सगळं सांगितलं. सांगता सांगता रडायला लागले. पेशंट बाहेर बाकावर बसलेले, पण मला कशाचं भान नव्हतं. म्हटलं, काका, मला वाट्टेल ते बोला. तुमच्या सगुणाबाईंच्या हातचं होतं हो ते!

काका स्टुलावर बसले. गोळ्याची गाठ बोटांनी चाचपून बघितली आणि दाराकडे वळून म्हणाले, "सोने, तुज्या आयेनं बी अशीच मारली व्हती." दारात सोनीबाय झाडू घेऊन उभी. ती मान खाली घालून हसत होती, आणि या वेळी डोळेही पुसत होती.

मला काही कळेना. मग काकांनीच सांगितलं, हिशेबाच्या गोष्टी सांगाव्यात तसं सरळ.

"तिनं बांधलेली मी मारली, बाई. ती गेली आनि तिसऱ्या दिसापास्नं मी पानी घालत सुटलो. सकाळ, सांज. भिजलेली हाय, हे हाताला कळत व्हतं. पर दुसरं करायला काय उरलंच नव्हतं. म्हयन्याभरात कुजली. मग सोनीच्या आयेनं ही नवी... म्हंजी तुमी मारली ती... बांधून दिली."

"मग सगळ्यांना का सांगता, की सगुणाबाईंनी बांधली म्हणून?"

काकांनी चष्मा धोतराला पुसून परत डोळ्यांवर चढवला. "तसं म्हनलं म्हंजी मान्सं तिचं नाव काढतात. दिसातनं दोन-तीन येळा तरी."

बाहेर कोणीतरी खोकलं. काका उठले, खिडकीची फळी उघडली. एक म्हातारी बाटली घेऊन उभी होती. तिने आत डोकावून विचारलं, "सगुनाबायची येनी बरी हाय ना?"

"बरी हाय," काका म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मला शिकवायला घेतलं. रोज सकाळी गोळा आधी मी उचलायची, आणि पाणी कधी ते सांगायचं. मी म्हणायची "आज", ते उचलून म्हणायचे "परवा". मी म्हणायची "दोन दिवसांनी", ते म्हणायचे "आजच, दुपारच्या आत". वर्षभर मी धडाधड नापास होत होते. पण हाताला हळूहळू कळायला लागलं, आणि नुसतं गोळ्याचंच नाही. बाळं मी आधी हातावर घ्यायला लागले आणि काट्यात नंतर घालायला लागले. अशक्त पोर हातात येताच समजायचं, कपडे सोडायच्या आधी. काटा पुढे एकदा मोडला आणि दुरुस्त होऊन यायला चार महिने लागले. त्या चार महिन्यांत आमचं काही अडलं नाही. काकांच्या हातांवर माझा एवढा विश्वास बसला होता, आणि त्या माणसावर माझा जीवही जडला होता, हे सांगून टाकते. माझे वडील मी लहान असताना गेले, ते असते तर असेच असते असं मला वाटायचं.

माझी शहापूरला बदली झाली त्याच वर्षी काका निवृत्त झाले. किन्हवलीवरून जाणाऱ्या गाडीपाशी ते गोळा घेऊन आले. मी म्हटलं, हे काय, तुमच्याकडे राहू द्या. ते म्हणाले, "घरात मी नि चूल. धुरानं मरंल ती. तुमाला खिडकी हाय." आणि गोळा माझ्या तळहातावर ठेवला. "सांगा."

मी डोळे मिटले. "परवा."

त्यांनी परत घेतला, तोलला. "उद्या सांजचं." मग माझ्याकडे देऊन म्हणाले, "चालंल. इतकं चालतं." गाडी सुटली तेव्हा ते खाकी कोटात उभे होते. निवृत्त झाले तरी खिसे बुचांनी फुगलेलेच होते.

शहापूरच्या क्वार्टरमध्ये पूर्वेला खिडकी होती. वेणी तिथे चार वर्षं फुलली. दर पावसाळ्याआधी मी काकांना कार्ड टाकायची, यंदा दोन घोस आले, यंदा तीन. उत्तर यायचं नाही, पण कोणी तिकडून येणारा सांगायचा, कार्ड काकांनी उचलून पाहिलं आणि मग वाचून घेतलं. पाचव्या वर्षी, पौषात, त्यांच्या गावच्या मास्तरांचं कार्ड आलं. काका गेले. झोपेत गेले, त्रास नाही झाला.

मी कार्ड खाली ठेवलं आणि खिडकीपाशी गेले. गोळ्याखाली हात धरला. जड होता. थंडीचे दिवस, ती निजलेली, अजून आठ-दहा दिवस पाण्याची गरज नव्हती. हे मला डोळे मिटून कळत होतं. तरी मी बादली भरली आणि गोळा बुडवला. दुसऱ्या दिवशीही बुडवला. तिसऱ्याही. कळत होतं की मी काय करते आहे. हात थांबत नव्हता.

महिन्याभराने मी मुरबाडची गाडी धरली आणि सोनीबायच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि सुंभ आणायला आत गेली.

आता मी शहापूरजवळ सापगावला राहते. वेणी ओटीवर टांगलेली आहे. गाठ कशी मारायची ते मी सोनीबायकडून शिकून घेतलं होतं. आता मीच बांधते, आणि ही कितवी हे मी कोणाला सांगत नाही. येणारा-जाणारा विचारतो, "बाई, हे कोणी बांधलं हो?" मी हातातलं काम थांबवते आणि म्हणते, सगुणाबाईंनी, आमच्या कंपाउंडरकाकांच्या मंडळींनी. मग तो विचारतो, कोण कंपाउंडरकाका? आणि मी त्याला बसायला पाट देते.